नकाशावरचा एकच शुद्ध शब्द

"हे कुनाचं घर हाय गं?" इंदिराबाईंनी विचारलं.

घर कुठलं आलंय! तुरीची काडं वेचून मोकळ्या केलेल्या काळ्या रानात फक्कीनं मारलेली एक पांढरी चौकट होती. चार कोपऱ्यांना चार दगड आणि दगडावर लाल रंगात एकशे चौदा हा आकडा. भालकीहून उदगीरला जाणाऱ्या रस्त्यालगतचं सगळं शिवार नव्या वसाहतीच्या योजनेच्या माणसांनी महिनाभर टेपा धरधरून असं आखून काढलं होतं. रान होतं तिथंच होतं, पण त्याच्यावर आता एक अख्खं गाव निजलं होतं.

"कुनाचंच न्हाई अजून, आत्या," पंचशीला म्हणाली. "साईट म्हनतेत ह्याला. चला की सरळ. मांडव समोरच हाय."

"सरळ कशी जाऊ? भिंत हाय की."

आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या इंदिराबाई, ज्यांनी ह्या रानाचा कणन् कण पायाखाली घातला होता, त्या पदर सावरून एकशे चौदाच्या कडेकडेनं निघाल्या. कोपऱ्यावर वळल्या, रस्त्याला लागल्या, पुन्हा वळल्या. एकदाही त्यांनी पांढऱ्या रेघेवर पाय दिला नाही. "उद्या हितं कुनाची तरी चूल असंल," त्या चालता चालता म्हणाल्या. "कुनाच्या चुलीवरून कसं जावं?"

पंचशीला मुकाट्यानं त्यांच्या मागून चालली. एरवी तिला हसू आलं असतं. आज ती सकाळपासून सासूच्या नजरेला नजर देत नव्हती.

साठ फुटी रस्त्यावर आल्यावर म्हातारी मधोमध उभी राहिली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दोन्ही अंगांनी रेघाच रेघा, आडव्या, उभ्या, पार चिंचेच्या झाडापर्यंत. कुठं शाळेची जागा, कुठं दवाखान्याची, कुठं टाकीची.

"हे एवढं रुंद? एवढ्या रस्त्यानं कोन जायलाय?"

"समदेच की. ह्याला मेन म्हनतेत. आन् हे आडवे जायलेत ते क्रॉस. पैला क्रॉस, दुसरा क्रॉस, तिसरा."

"आन् गल्ल्यांची नावं?"

"नावं न्हाईत, आत्या. निस्ते नंबर."

इंदिराबाईंच्या गावात प्रत्येक गल्लीला नाव होतं आणि नावावरून आत कोण राहतं ते परक्यालाही कळत असे. त्यांच्या घराचा पत्ता तर सगळ्या गावाच्या पलीकडं, ओढ्याच्या अल्याड, असा हातवारे करून सांगायचा असे. "निस्ते नंबर," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आन् कोनाशेजारी कोन, हे कोन ठरवनार?"

"चिठ्ठ्या टाकनारेत."

"चिठ्ठीवर शेजार!" म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. "बगा बाई! तुजे सासरे असाया पायजे व्हते आज. ह्या रस्त्यावर त्यांला नुस्तं उबं केलं असतं ना, तं दिवसभर हलले नसते."

सासऱ्यांचं, बाबूलालचं नाव निघालं आणि पंचशीलाला पुढं पाऊल टाकवेना. कारण म्हातारी आता उजव्या हाताला बघत होती. तिथं, रेघांच्या पार मधोमध, विहीर होती.

त्या विहिरीचं सगळं शिवाराला ठाऊक होतं. सात एकर हाती आल्यावर बाबूलालनं पहिली कुदळ मारली ती तिथंच. पावसाळ्यात लोकांच्या रानात राबायचं आणि उन्हाळ्यात आपली विहीर खणायची. असे नऊ उन्हाळे. दर उन्हाळ्याला एक परस खोल, म्हणजे हात वर करून उभ्या माणसाएवढं. खाली तो आणि वर इंदिराबाई, डोक्यावर पाटी. थोरल्या लेकाच्या, राजपालच्या वेळी सातवा महिना लागेपर्यंत तिनं माती ओढली. नवव्या उन्हाळ्यात पाणी लागलं तेव्हा बाबूलाल खालून ओरडला म्हणे, आणि हिला वाटलं त्याला विंचू चावला.

ती विहीर बुजणार होती. पंचशीलाला ते नऊ दिवसांपासून ठाऊक होतं आणि तिच्या सासूला नव्हतं.

नऊ दिवसांपूर्वी राजपाल, तिचा नवरा, साखर कारखान्यातली पाळी संपवून नकाशाची गुंडाळी घेऊनच घरी आला होता. जमीन देणाऱ्या प्रत्येकाला योजनेच्या ऑफिसनं एकेक प्रत दिली होती. भालकी तालुका कर्नाटकात, म्हणून मूळ नकाशा कानडीत. पण इकडच्या माणसांचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं, म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी कष्ट घेऊन सगळी नावं बाळबोध अक्षरांत लिहून दिली होती. नकाशा पलंगावर पसरला आणि चौघं त्याच्यावर ओणवी झाली. राजपाल, पंचशीला, धाकटा दीर संघपाल आणि सुट्टीला लातूरहून आलेली लेक प्रेरणा. इंदिराबाई तेव्हा विहारात गेलेल्या.

"लिहिणाऱ्याला मराठी येतच नाही की," प्रेरणा हसून म्हणाली होती. "हे बघा, शाळा लिहायचं तर शाले लिहिलंय. नीरिन टँक. नीरिन काय? आणि एकच रस्ता आहे, त्याला रस्ते!"

हसून हसून पुरेवाट झाली. मग संघपालचं बोट नकाशाच्या मध्यावर आलं. तिथं एक छोटा गोल होता, आणि गोलाशेजारी एक शब्द. अख्ख्या नकाशावर तेवढा एकच शब्द काना-वेलांटीसकट अगदी शुद्ध होता. भावी.

"भावी म्हंजी?" राजपालनं विचारलं.

"भावी म्हणजे पुढे होणारं, पप्पा. प्रस्तावित," प्रेरणा म्हणाली. मराठीत तिला पैकीच्या पैकी मार्क. "म्हणजे ही जागा पुढच्या बांधकामासाठी राखून ठेवलीय."

संघपालचे डोळे लकाकले. भालकीच्या बसस्टँडजवळ सहा बाय आठच्या खोलीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. "दुकानं व्हनार भाऊ तिथं," तो म्हणाला. "मधोमध जागा हाय. मेन रोडला लागून. दुसरं काय असतंय? काँप्लेक्सच!"

"पन ती आपली हीर हाय," पंचशीला म्हणाली.

राजपाल नकाशाची कडा सरळ करत राहिला. बोलायचं तरी काय? सात एकर म्हातारीच्या नावावर. बाबूलालनं मरायच्या आधी स्वतः तालुक्याला जाऊन तिच्या नावावर करून ठेवलेली. आणि ती सात एकर आखणीच्या पार बेंबीत. ह्यांनी दिली नाही तर रस्ता जुळत नाही, आणि रस्ता जुळला नाही तर चाळीस घरच्या जमिनीवरची योजना बोंबलते. पक्का करार झाला की निम्म्या तयार साइटी परत हाती येणार. प्रेरणाला, संघपालच्या दोन्ही पोरांना, सगळ्यांना नळ-गटार-दिव्यांसकट पक्की जागा. ओढ्याच्या अल्याड असा पत्ता मग कुणालाच सांगावा लागणार नव्हता.

"मायला सांगितलं तं ती अंगठा लावंल का?" संघपालनं विचारलं.

"न्हाई," राजपाल म्हणाला.

"मग?"

"आज्जीला सांगायला पाहिजे," प्रेरणा म्हणाली. राजपालनं तिच्याकडं पाहिलं तशी ती गप्प झाली.

मग राजपालनं बायकोकडं पाहिलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, त्या नजरेचा अर्थ पंचशीलाला सांगावा लागत नव्हता. तिनंच नकाशाची गुंडाळी केली आणि कपाटावर टाकली. त्या दिवसापासून तिच्या तोंडाला कुलूप. अंगणवाडीत पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवायची, आणि घरी येऊन सासूच्या ताटात भाकरी वाढताना खाली मान घालायची.

"वैनी! अहो वैनी, माजा बांध दिसला का कुटं?"

रामकिशन हाका मारत येत होते. शेजारचे जमीनवाले, वयानं सत्तरीचे. बाबूलालशी त्यांचं बांधावरून तीस वर्षं वाकडं होतं. कुणी कुणाचा वीतभर बांध कोरला ह्यावरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या दोघांनी. आता ते हातात छत्री घेऊन रेघांच्या जाळ्यात गरगर फिरत होते.

"सकाळपासून धुंडायलोय. बाभळ तोडली तवापासून खूनच ऱ्हायली न्हाई बगा. हितं व्हता का तिथं व्हता?"

"तुमी एकशे अठराच्या न्हानीत उबे हाव," इंदिराबाई म्हणाल्या. "आदी भाईर या."

रामकिशन दचकून खाली बघत रेघेबाहेर आले आणि मग दोघंही म्हातारी तोंड भरून हसली. "ज्याच्यापायी जल्मभर भांडलाव," रामकिशन म्हणाले, "त्याच्यावरून आता लोकं फटफट्या फिरवतेल. बाबूलालला सांगावं वाटायलंय, पन सांगावं कसं?"

मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या. इंजिनियर चन्नवीर स्वतः पुढं आले. पस्तिशीचा माणूस, उन्हानं रापलेला, बूट मातीनं भरलेले. "बन्री अम्मा, बन्री. कूडरी," म्हणत त्यांनी इंदिराबाईंना खुर्ची दिली. टेबलापाशी कागद लावत बसलेली मुलगी म्हणजे ऑफिसातली अंबिका, तिकडं अफजलपूरकडच्या करजगीची. मराठी तिला कळायचं, बोलताना मात्र अडखळायची.

रामकिशनची सही झाली. मग राजपालनं आईच्या दंडाला धरून तिला टेबलापाशी आणलं. संघपाल पलीकडून उभा राहिला. दोन्ही लेक असे दोन अंगांना, एवढ्या प्रेमानं, की पाहणाऱ्याला वाटावं काय नशीब ह्या म्हातारीचं!

अंबिकानं शाईचा डबा उघडला. इंदिराबाईंनी डावा अंगठा पुढं केला, शाईवर टेकवला. अंगठा निळा झाला.

"आत्या, थांबा."

आपणच बोललो हे पंचशीलाला क्षणभर कळलंच नाही. राजपालनं मान वळवली.

"वैनी, आता का झालं?" संघपाल दातओठ खात हळूच म्हणाला. "घरी बोलू की."

"आत्या, कागद वाचून घेतल्याबिगर अंगठा लावू नका."

"वाच की मग," इंदिराबाई अगदी साधेपणानं म्हणाल्या. अंगठा त्यांनी तसाच हवेत धरला होता. "तुजं कामच हाय ते. तुला कोन अडीवलंय?"

कुणी अडवलं होतं ते काय सांगणार! पंचशीलानं टेबलावरचा नकाशा पुढं ओढला. गोलावर बोट ठेवलं.

"ही आपली हीर, आत्या. आन् हितं काय लिवलंय ते आमाला नऊ दिस झाले म्हाईत हाय. मला बी म्हाईत हाय. तुमाला सांगितलं न्हाई, माजी चुकी झाली." तिनं बोट गोलावरून शब्दावर सरकवलं. "हितं भावी लिवलंय. भावी."

राजपालनं डोळे मिटून घेतले.

इंदिराबाईंनी सुनेकडं पाहिलं, मग नकाशाकडं, मग पुन्हा सुनेकडं. "व्हय," त्या म्हणाल्या. "मग?"

"मग म्हंजी? आत्या, भावी लिवलंय!"

"अगं मग दुसरं काय लिवावं? भावीच हाय की ती!"

आता बावरायची पाळी पंचशीलाची होती. म्हातारीला उन्हाचा त्रास झाला की काय?

"हीर म्हंजी भावी अन् भावी म्हंजी हीर," इंदिराबाई लहान पोराला सांगावं तशा सांगू लागल्या. "त्या कानडी चन्नव्वाच्या रानात खुरपायला जायचे मी, तवा दिसातून दहा बार हाक मारायची ती. इंदिरा, भावी नीरु तगोंड बा. हिरीचं पानी आन म्हनून. एवढं न्हाई ठावं व्हय तुमाला? शिकलेली मानसं तुमी!"

"हौदु री," चन्नवीर गोंधळून म्हणाले. "भावी अंद्रे विहीर. दुसरं काय असते?"

"मीच लिहिला री ते," अंबिका कावरीबावरी होऊन उठून उभी राहिली. "कानडी अक्षर बघायचा, हिंदीचा अक्षर लिहायचा. सगळ्यांना वाचता यावा म्हणून. चूक झाला का?"

शाले म्हणजे शाळा, नीरिन टँक म्हणजे पाण्याची टाकी. कानडीच होतं सगळं, फक्त मराठीचे कपडे घालून आलेलं. राजपाल आणि संघपाल बाजारात दिवसभर कानडी बोलत. भावी हा शब्द त्यांनी हजारदा कानांनी ऐकलेला. पण तो डोळ्यांसमोर आला बाळबोध अक्षरांत, आणि डोळ्यांनी तो मराठीच वाचला. जे शब्द चुकीचे वाटले त्यांना हसले, आणि जो बरोबर वाटला त्यावर नऊ दिवस दुकानं बांधली! वाचता येत नव्हतं म्हणून एकटी म्हातारी फसली नाही.

आधी रामकिशनना हसू फुटलं. मग चन्नवीरांना. मग सगळा मांडव हसू लागला. पंचशीला हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. संघपालसुद्धा कसनुसा हसला. इंदिराबाई मात्र हसत नव्हत्या. त्या काहीतरी जुळवत होत्या, आणि ते जुळत आल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. हसू विरलं. "तुमाला काय वाटलं व्हतं? भावी म्हंजी काय?"

दोन्ही लेक एकमेकांकडं बघू लागले. शेवटी पंचशीलानंच सांगितलं. "पुढं काइतरी व्हनार म्हनून. दुकानं बिकानं."

"म्हंजी हीर बुजनार."

"व्हय."

"आन् हे नऊ दिसापासून म्हाईत."

"व्हय, आत्या."

"आन् तरी ह्यांनी मला धरून आनलं अंगठा लावायला." दोन्ही लेकांकडं त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. "कामून रे, राजपाल?"

राजपाल पन्नाशीला आलेला माणूस. कारखान्यात दीडशे गड्यांची हजेरी घ्यायचा. तो आईसमोर पायानं माती उकरू लागला. "पोरांसाठी, माय," तो म्हणाला. "हिरीचं पानी तं आता कोन पेत न्हाई, म्हनलं..."

इंदिराबाईंनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. त्या इंजिनियरकडं वळल्या. "सायेब, तुमी तरी कामून ठिवली ती? तुमाला बुजवता आली असती की."

चन्नवीरांनी नकाशा आपल्याकडं फिरवून घेतला. "अम्मा, पहिल्या नकाशात हा साठ फुटी रस्ता सरळच होता. त्या विहिरीवरून जाणारा. मग मी मोजणीला आलो, वाकून बघितलं. दोर सोडला. सोडतोय, सोडतोय, तळच लागंना. वरचे दोन परस मुरूम, आणि खाली सगळा काळा दगड. मी विचारलं, कुठली मशीन लावली होती? तर हे म्हणाले," त्यांनी रामकिशनकडं बोट दाखवलं, "मशीन कुठली री? एक माणूस, त्याची बायको."

"मीच सांगितलं," रामकिशन म्हणाले. "भांडन आपल्या जागी. पन माज्या बांधावरून नऊ वर्स बघितलंय मी त्याला."

"मी माझ्या सगळ्या माणसांना बोलावून दाखवली," चन्नवीर म्हणाले. "म्हटलं, बघून ठेवा. कॉलेजात हे शिकवत नाहीत. ऑफिसला दोनदा जाऊन नकाशा बदलून आणला. आता हे बघा." त्यांचं बोट साठ फुटी रस्त्यावरून सरकत गेलं, आणि गोलापाशी येऊन अर्धचंद्रासारखं फिरलं. "इथं रस्ता वाकतो. विहीर उद्यानात राहते. कठडा बांधायचा, जाळी टाकायची. पाणी सगळ्या झाडांना."

इंदिराबाई खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्यांनी ती वाकलेली रेघ पाहिली, मग निळा अंगठा वर धरून उरलेल्या बोटांनी ती हळूच चाचपली.

"साठ फुटाचा रस्ता," त्या म्हणाल्या. "वाकला."

"हौदु, अम्मा."

"माज्या मालकासाठी रस्ता वाकला." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "गावात आमी समूर मानूस आला की रस्ता सोडून उबं ऱ्हायचाव, सायेब. मी नवी नवरी असताना. आन् आता रस्ता वाकला." मग त्या लेकांकडं वळल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "परक्या मानसाचा रस्ता वाकला, आन् तुमी न्हाई वाकलाव रे. वरून आत डोकावून तं बगायचं एकदा."

राजपालनं मान खाली घातली. संघपालच्या हातातला मोबाइल वाजत होता, तो बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

इंदिराबाईंनी लुगड्याच्या काठाला अंगठा पुसला. मांडवातल्या सगळ्यांच्या छातीत धस्स झालं. चन्नवीरांच्या तर तोंडचं पाणी पळालं.

"अंगठा आज न्हाई," त्या म्हणाल्या. "घाबरू नका, लावनार हाय मी. पन आदी हीर साफ व्हनार. दहा वर्साचा गाळ हाय तिच्यात. एवढं मोठं गाव यायलंय ऱ्हायला, त्याला काय गढूळ पानी दाखवू? हे दोगं उतरतेल. पानी इंजिनानं उपसा, पन गाळाला मशीन न्हाई लावायची, मजूर न्हाई लावायचे. बापानं पाटी भरली, तशी ह्यांनी भरायची."

"माय, माजं दुकान..." संघपाल म्हणाला.

"भावी दुकान ना तुजं? मग त्याला अजून टाइम हाय."

मांडव पुन्हा हसला, आणि ह्या वेळी संघपालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आन् मी, आत्या?" पंचशीलानं विचारलं. आपलाही न्याय करून घ्यायचा होता तिला. नुसतं सुटून जाणं तिच्या जिवाला लागलं असतं.

म्हातारीनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "नऊ दिस गप बसलीस," त्या म्हणाल्या. "पन अंगठा टेकायच्या आदी बोललीस. हीर साफ झाली की हिरीवर बसून समदा कागद वाचायचा तू. मोट्यानं. एक बी अक्षर गाळायचं न्हाई."

दोन दिवस इंजिन लावून पाणी उपसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ खाली उतरले. काठावर इंदिराबाई खाटेवर बसल्या होत्या. रामकिशनना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते दोराला हात लावायला हजर. प्रेरणा पाट्या रिकाम्या करत होती. चन्नवीर आणि अंबिका कागद घेऊन लिंबाच्या सावलीत थांबले होते.

पहिल्या तासाभरात संघपालच्या तळहातांना फोड आले आणि तो वर येऊन बसला. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो पाणी प्यायला, आणि कुणी न सांगता पुन्हा दोराला धरून उतरला.

ऊन डोक्यावर आलं तसं ते थेट विहिरीच्या तळापर्यंत पोचलं. खालचा फावड्याचा आवाज थांबला. वर कुणाला काही कळेना. पंचशीलानं काठाला हात टेकून वाकून पाहिलं. खोल खाली, चिखलानं बरबटलेला तिचा नवरा मान वर करून उभा होता. भिंतींवर छिन्नीच्या खुणा होत्या, शेजारी शेजारी, वरपासून खालपर्यंत, मोजता येणार नाहीत एवढ्या. राजपाल एक हात वर करून एका खुणेला लावू बघत होता. मग त्यानं वर पाहिलं. तिथून वर अजून आठ परस.

"माय!" त्याचा आवाज वर आला. कारखान्यात हजेरी घेणारा आवाज नव्हता तो. "माय गं! नऊ परस म्हंजी... एवढं असतंय व्हय?"

इंदिराबाई खाटेवरून उठल्या. काठाशी आल्या. खाली वाकल्या.

"मापून घे," त्या म्हणाल्या. "तुज्या बापाच्या अंगानं मापलंय ते."

खाली फावडं पुन्हा वाजू लागलं, आणि ते आता सावकाश वाजत होतं.

"हं," इंदिराबाई पंचशीलाला म्हणाल्या. "वाच."

पंचशीला मांडी घालून काठावर बसली. कागद उघडला. शाळेच्या जागेपासून टाकीपर्यंत, पहिल्या क्रॉसपासून चौदाव्या क्रॉसपर्यंत, तिनं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं, खाली दोघांना ऐकू जाईल असं. अर्धा तास लागला. शेवटी त्या एका शब्दावर आली आणि थांबली.

"का थांबलीस?"

"भावी," पंचशीलानं वाचलं.

इंदिराबाईंनी अंबिकाकडं हात पुढं केला. "आन शाई," त्या म्हणाल्या.